सेल्फ मारला, पण गाडी का सुरू होईना?

बावधनला रामनदीच्या अंगाला राहणाऱ्यांना जानेवारीतली पहाट चांगलीच ठाऊक असते. टेकड्यांवरची थंड, जड हवा रात्री उतारावरून खाली येते आणि सखल भागात साचून राहते. अशाच एका पहाटे शेजारचे काका आमच्या दारात उभे राहिले. काकूंना डायलिसिससाठी कोथरूडला न्यायचे होते आणि त्यांची जुनी, कार्ब्युरेटरची गाडी काही केल्या सुरू होईना. त्या दिवशी रिक्षाने वेळ निभावली. पण आठवड्यातून दोनदा ही धावपळ कशी परवडणार?

पेट्रोलचे इंजिन सुरू व्हायला चार गोष्टी लागतात. ते पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, पेट्रोलची वाफ व हवा योग्य प्रमाणात मिसळली पाहिजे, ते मिश्रण नीट दाबले गेले पाहिजे आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडली पाहिजे. यातले काय बिघडले, ते आधी कानांनी ओळखावे. सेल्फ झपाझप फिरूनही इंजिन पेटत नसेल, तर पेट्रोल किंवा ठिणगी तपासावी. काकांच्या गाडीचा सेल्फ मात्र रडतखडत फिरत होता. ठिणगीही फिकी होती. म्हणून एका गॅरेजवाल्याने प्लग बदलले, मग बॅटरीही नवी बसवली. हजारो रुपये गेले, गाडी मात्र होती तशीच!

थंडीत तेल घट्ट होते, पेट्रोलची वाफ कमी होते आणि बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, हे खरे. पण नवी बॅटरी एवढ्याने हार मानत नाही. शिवाय सेल्फ मारताना दिवे थोडेसेच मंदावत होते. बॅटरी दुबळी असती, तर ते विझत आल्यासारखे झाले असते. म्हणजे वीज बॅटरीतून निघत होती, पण वाटेत कुठेतरी अडत होती.

ही वाट कशी असते बरे? बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. इंजिन मात्र रबराच्या आधारांवर बसवलेले असते आणि रबर तर विजेचा दुर्वाहक! म्हणून सांगाडा आणि इंजिन यांना जोडणारी तांब्याच्या तारांची एक पट्टी असते. तिला मेकॅनिक ‘अर्थिंग’ म्हणतात. गॅरेजवाल्याने ती दिवा लावून तपासली होती. दिवा छान पेटला, म्हणून पट्टी ठीक ठरली.

गंमत इथेच आहे. तो ५ वॅटचा दिवा जेमतेम ०.४ अँपिअर धारा घेतो. सेल्फ मात्र १०० अँपिअर किंवा त्याहूनही जास्त घेतो. जोडात ०.०२ ओहम रोध असेल, तर दिव्याच्या वेळी तिथे ०.००८ व्होल्ट खर्च होतात. ते कोणाला कळणार? सेल्फच्या वेळी मात्र तिथेच २ व्होल्ट जातात. आणि आपल्या साध्या मीटरने हा रोध सरळ मोजताही येत नाही, कारण मीटरच्या तारांचाच रोध त्याहून जास्त असतो.

म्हणून धारा वाहत असतानाच विभवांतर मोजायचे. कॉइलची तार काढून ठेवली, म्हणजे इंजिन पेटणार नाही. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवले. काकांनी सेल्फ मारला आणि काटा २ व्होल्टवर गेला! तो अर्ध्या व्होल्टच्याही आत राहायला हवा होता. बॅटरी १०.४ व्होल्ट देत होती, पण मोटरला ८.४ व्होल्टच मिळत होते. ठिणगीच्या कॉइलचा परतीचा मार्गही इंजिनमधूनच जातो, त्यामुळे ठिणगी फिकी पडत होती. धारा १०० अँपिअर धरली, तर जोडात २०० वॅट उष्णता होत होती. हात लावला तर पट्टीचे टोक कोमट लागत होते.

बोल्ट खोलला, तर खाली गंजाचा थर! पॉलिश पेपरने तो घासून काढला आणि बोल्ट आवळला. काटा ०.२ व्होल्टवर आला. कॉइलची तार पुन्हा जोडली आणि दुसऱ्या प्रयत्नात इंजिन घुमू लागले.

हे काम मोठ्या माणसाबरोबरच करा. गाडी न्यूट्रलमध्ये असू द्या, हँडब्रेक ओढा. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो, तेव्हा तिथे ठिणगी पडू देऊ नका. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन मुळीच चालू ठेवू नका, कारण त्याच्या धुरात विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो.

पुढच्या खेपेला काकू गाडीनेच गेल्या. काढून ठेवलेली जुनी बॅटरीही चांगलीच निघाली. ती आता आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आहे.