लशीचे संरक्षण टिकते कसे?



डेन्मार्कच्या आधिपत्याखालील फेरो बेटांवर १८४६ साली गोवराची मोठी साथ आली. तत्पूर्वीची साथ १७८१ सालची. मधल्या पासष्ट वर्षांत तेथे गोवराचा मागमूस नव्हता. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरांनी घरोघर फिरून चौकशी केली. १७८१ मध्ये ज्यांना गोवर निघून गेला होता, त्या वृद्धांपैकी एकालाही तो पुन्हा झाल्याचे त्यांना आढळले नाही. शरीराने ही आठवण इतकी वर्षे कोठे बरे जपली असेल? लशीच्या संरक्षणाचे रहस्यही याच प्रश्नात दडलेले आहे.

लस टोचली म्हणजे रक्तात प्रतिपिंडे निर्माण होतात, हे आपण जाणतो. परंतु ही प्रतिपिंडे दीर्घायुषी नसतात. सुमारे तीन आठवड्यांत त्यांतील निम्मी नाहीशी होतात. नवी भर पडली नाही, तर वर्षाअखेर लाखात एकही उरणार नाही. तरीही त्यांची पातळी वर्षानुवर्षे टिकते. विहिरीचे पाणी रोज उपसले तरी झरे जिवंत असेतोवर ते आटत नाही, तसाच हा प्रकार आहे.

हे झरे म्हणजे प्लाझ्मा पेशी होत. लस टोचल्यानंतर लसिका ग्रंथींत त्या तयार होतात. बहुतेक पेशी थोड्याच दिवसांत मरतात. काही मात्र हाडांच्या पोकळीतील मज्जेत जाऊन स्थिरावतात. तेथील शेजारच्या पेशी त्यांना जगण्यास आवश्यक द्रव्ये पुरवितात, आणि त्या अखंड प्रतिपिंडे स्रवत राहतात. १९९७ व १९९८ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांतून त्यांचे हे दीर्घायुष्य स्पष्ट झाले.

यांच्या जोडीला स्मृतिपेशी असतात. त्या स्वतः प्रतिपिंडे स्रवत नाहीत; पण तोच जंतू पुन्हा आला, की त्यांच्यापासून त्वरेने नव्या प्लाझ्मा पेशी निपजतात. मात्र या तयारीस काही दिवस लागतात. धनुर्वाताचे विष तेवढी सवड देईलच असे नाही. तेथे रक्तात आधीच सिद्ध असलेली प्रतिपिंडेच कामी येतात.

सर्व झरे सारखेच टिकाऊ नसतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात गोवरविरोधी प्रतिपिंडांची घट अत्यल्प दिसली; धनुर्वाताविरुद्धची पातळी मात्र सुमारे ११ वर्षांत, तर घटसर्पाविरुद्धची सुमारे १९ वर्षांत निम्म्यावर येत होती. म्हणूनच भारताच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात दहाव्या व सोळाव्या वर्षी या दोन रोगांची लस पुन्हा देतात. त्या मात्रेने स्मृतिपेशी जाग्या होतात आणि मज्जेत नव्या प्लाझ्मा पेशींची भर पडते.

‘लहानपणी सर्व लशी झाल्या आहेत, आता कशाला?’ असे म्हणून पुष्कळ पालक ही मात्रा टाळतात. मूल दहा वर्षांचे झाले, की त्याचे लसीकरणाचे कार्ड एकदा अवश्य उघडून पाहावे आणि राहिलेली मात्रा नजीकच्या आरोग्य केंद्रात देवून घ्यावी.