दगडाला आधी व्हिनेगर पाजा!

कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाचा रस सांडून तसाच राहिला की निस्तेज डाग पडतो. कितीही घासा, तो जात नाही, कारण लिंबाने दगडच खाल्लेला असतो. कडप्पा म्हणजे काळा चुनखडक. शहाबादी फरशीही त्याच जातकुळीतली, आणि संगमरवरही. ओटा बसवून उरलेला असा तुकडा ‘किती छान दिसतोय’ म्हणत फिशटँकमध्ये टाकला, तर तो हळूहळू विरघळत पाण्याचा जडपणा आणि पीएच वाढवत राहतो. निऑन टेट्रा मूळचे ॲमेझॉन खोऱ्यातल्या मऊ पाण्यातले, त्यांना हे मानवत नाही. गप्पी आणि मॉली मात्र खूश! आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका सरोवरांतल्या सिक्लिडना तर असंच जड पाणी लागतं. म्हणजे दगड वाईट नसतो, शेजारी चुकतो.

ओळखायचं कसं? धुऊन वाळवलेल्या दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसलं तर चुना आहे. पण सच्छिद्र दगड नुसतं पाणी पितानाही बुडबुडे सोडतो, म्हणून आधी साध्या पाण्याचे थेंब टाकून बघावं. डोलोमाइट तर पक्का बिलंदर. अख्खा असताना गप्प बसतो, खिळ्याने खरवडून त्याची भुकटी केली की मगच हलकेच फसफसतो.

सह्याद्रीतला आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, या परीक्षेत सहज पास होतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा व्हिनेगरला दाद देत नाही. गंमत आहे ती त्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांत. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूच्या पोकळ्या पुढे खनिजांनी भरल्या. पुण्याजवळच्या वाघोलीचं निळंशार कॅव्हनसाइट, ज्याच्यासाठी जगभरचे खनिजसंग्राहक जीव टाकतात, ते असल्याच पोकळ्यांतलं. तुमच्या दगडातले ठिपके बहुधा झिओलाइट किंवा कॅल्साइट असतील. कॅल्साइट फसफसतं, तेव्हा थेंब नेमके ठिपक्यांवर टाका. झिओलाइट निरुपद्रवी. उलट ते माशांनी सोडलेला अमोनिया शोषतं, म्हणून फिल्टरमध्येही वापरतात. मात्र मासे आजारी पडले म्हणून टाकीत मीठ घातलं, की फिल्टरमधलं झिओलाइट साठवलेला अमोनिया परत पाण्यात सोडू लागतं!

‘चुंबक चिकटलं तर दगड फेका’ हा सल्ला आपल्याकडे चालवू नये. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात, त्यामुळे जोरकस चुंबक त्याच्याकडे ओढलं जातं. हा नियम पाळला तर सगळ्यात भरवशाचा दगडच बाहेर जाईल. घाबरायचं ते सोनेरी धातूसारख्या चमकेला, गंजाच्या ओघळांना आणि हिरव्या-निळ्या पुटांना. पुटं तांब्याची असली, तर कोळंबी आणि गोगलगाईंना त्याची किंचितशी मात्राही पुरते.

एक विनोद दुकानातला. जपानचे ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी पाण्याखालच्या दगडी देखाव्यांचं वेड जगाला लावलं. त्या वेडापायी ‘सेइर्यू’ नावाने किलोवर विकले जाणारे करडे, पांढऱ्या शिरांचे दगड बहुतेकदा चुनखडकच निघतात. विकतचा फसफसतो, रस्त्याकडेचा फुकटचा नाही.

कोकणातून पोवळ्याचा तुकडा मात्र उचलू नका. तो फसफसतोच, शिवाय कठीण पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

दगड उकळू नका. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो. ब्रशने घासा, साबण नको. वरचं दगडफूल खरवडून काढा. मसाल्यात ते शोभतं, टाकीत सडतं. मग दोन बादल्यांत सारखंच पाणी भरून एकीत दगड ठेवा. आठवडाभराने दोन्हींत टीडीएस मीटर बुडवा, आरओवाल्याकडे असतो तोच. दगडाच्या बादलीतला आकडा बराच चढला असेल, तर व्हिनेगरला जे दिसलं नाही ते इथे दिसलं.

बेसॉल्टचा तीन किलोंचा दगड साधारण लिटरभर पाणी बाजूला सारतो, तेव्हा टाकी काठोकाठ भरण्याआधीच तो आत ठेवा. वाळूवर नको, थेट तळाशी पातळ फोमवर ठेवून मग भोवती वाळू पसरा. सिक्लिडना वाळू उकरायची भारी हौस, आणि खालची वाळू गेली की दगड कलंडतो तो काचेवरच.