गृहभेटीचा गुरुवार

रविवारची उपासना आशीर्वादानं संपते. मग दारात पाळकसाहेबांशी हात मिळवायचा, एकमेकांना सलाम करायचा आणि आवारातल्या कडुनिंबाखाली घटकाभर रेंगाळायचं, असा आमच्या नगरच्या मंडळीतला रिवाज आहे. सिस्टर त्या वेळी पायरीशी उभ्या असतात. कोण आलं हे सगळ्यांनाच दिसतं. त्यांचं लक्ष कोण आलं नाही याकडे असतं. आणि कोण आलं पण आशीर्वाद होताच मागच्या दारानं निघून गेलं, याकडेही. घरी गेल्यावर जेवण करण्याआधी त्या वही काढतात.

त्यांचं नाव मी इथे देत नाही. त्यांना ते आवडायचं नाही. मिशन हॉस्पिटलात नोकरी करून त्या निवृत्त झाल्या, म्हणून सगळ्यांच्या सिस्टर. कमिटीवर नाहीत, संडेस्कूल घेत नाहीत, गाण्याच्या चमूत नाहीत. दर गुरुवारी ऊन उतरलं की गृहभेटींना निघतात, एवढंच. गेले काही महिने मी त्यांच्याबरोबर जाते आहे, आणि हे काम जवळून पाहिल्यापासून मला राहून राहून वाटतं की धीर देणं ही गोड स्वभावाची गोष्ट आहे असं समजून आपण तिची किंमत फार कमी लावली. ते काम आहे. त्याला तयारी लागते, स्मरण लागतं, जीभ आवरावी लागते.

तयारी म्हणजे ती वही. शाळेतल्या मुलांची असते तशी, दोनशे पानी. डावीकडे नाव, पुढे एक-दोन ओळी, कडेला तारीख. ‘मोतीबिंदू, डावा डोळा, मंगळवारी.’ ‘मुलगी नर्सिंगला, दुसरा हप्ता बाकी.’ ‘एमआयडीसीतलं काम सुटलं, घरी सांगितलेलं नाही.’ काही ओळींपुढे पेन्सिलीचा बारीक ठिपका आहे. ठिपका असेल ती गोष्ट कुणाच्याही देखत बोलायची नाही, प्रार्थनेत मोठ्यानं उच्चारायचीसुद्धा नाही. हा ठिपका मला फार मोलाचा वाटतो. आपल्या मंडळ्यांत ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून एखाद्याच्या घरातली गोष्ट पाच घरं फिरते, आणि ज्याच्यासाठी प्रार्थना व्हायची तोच पुढच्या रविवारी तोंड चुकवू लागतो. सिस्टरांच्या वहीतलं बाहेर जात नाही, म्हणून लोक त्यांना सांगतात. ती वही मी पाहिली तीही त्यांनी समोर धरलेली तीन-चार पानंच; ठिपक्यांच्या ओळींतली नावं त्यांनी तळहातानं झाकली होती.

एका गुरुवारी पहिलं घर पेटीवाल्या काकांचं होतं. ‘उपासना संगीत’मधली कित्येक पदं आम्ही त्यांच्या पेटीवर शिकलो. हल्ली त्यांचा उजवा हात थरथरतो. गुडघे दुखतात, आता पेटी दुसऱ्याला द्या, असं त्यांनी पाळकसाहेबांना कळवलं होतं. हाताबद्दल ते कुणाशी बोलले नव्हते, आणि सिस्टरांनीही विषय काढला नाही. आत गेल्यावर चप्पल काढून त्या खुर्चीवर टेकल्या, पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, “काका, गेल्या रविवारी तिसऱ्या कडव्याला तरुण संघाच्या मुलांनी लय पळवली होती. तुम्ही भाता सावकाश केलात आणि त्यांना माघारी आणलंत. मी ऐकत होते.”

काकांनी मान वर केली. “कळलं तुम्हाला?”

“मला कळलं. त्या मुलांना नाही कळलं. ती जी नवीन मुलगी पेटी शिकतेय ना, तिची बोटं चांगली आहेत, पण गाणाऱ्यांकडे कान नाही. शनिवारी संध्याकाळी तिला तुमच्याकडे पाठवू का?”

मग काका बराच वेळ बोलत राहिले. गाणारे पुढे धावले तर स्वर दाबायचा नाही, सोडायचा. लहान मुलं गात असली तर पट्टी किती उतरवायची. नाताळात उघड्यावर गाताना पेटीचा आवाज कुठे जातो. गुडघ्यांचं नाव निघालं नाही. चहा आला, सिस्टरांनी स्तोत्रातल्या चार ओळी वाचल्या, लहानशी प्रार्थना केली आणि आम्ही उठलो. वीस मिनिटं झाली असतील.

“काका, तुमच्यासारखं कुणी वाजवत नाही,” असं त्या म्हणाल्या असत्या तर काकांनी हसून ते झटकून टाकलं असतं. स्तुती अंगाला लागत नाही, कारण ती कुणालाही करता येते. तिसऱ्या कडव्याची गोष्ट फक्त ऐकणाऱ्यालाच सांगता येते. शिवाय त्यांनी काकांना शनिवारचं काम देऊन टाकलं, आणि काम हातात असलेला माणूस स्वतःला संपलेला समजत नाही.

दुसरं घर वेगळं होतं. तिथल्या ताईंचे यजमान जाऊन सातवा महिना लागला होता. अंत्यविधीला सगळी मंडळी होती, स्मरण-उपासनेलाही घर भरलं होतं. नंतर येणं हळूहळू थांबलं. सिस्टर मुद्दाम अशा वेळी जातात. ताई मेथी निवडत बसल्या होत्या. सिस्टरांनी खाली बसकण मारली, एक जुडी पुढ्यात ओढली आणि निवडू लागल्या. मीही बसले. कितीतरी वेळ कुणी बोललं नाही. मला ती शांतता जड जात होती, काहीतरी बोलावंसं वाटत होतं; सिस्टर पानं खुडत राहिल्या. दुसरी जुडी अर्धी झाली तेव्हा ताई म्हणाल्या, “बँकेत तीनदा गेले. दर वेळी एक नवा कागद मागतात.” रडू आलं ते यजमानांच्या आठवणीनं असेल किंवा त्या कागदानं, बहुधा दोन्ही एकच होतं. सिस्टरांनी कोणते कागद झाले, कोणते राहिले ते विचारून वहीत टिपलं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या मंडळीत आहेत, सोमवारी ते बरोबर येतील असं सांगितलं, आणि तिथूनच त्यांना फोन लावून वेळ ठरवली. प्रार्थना त्यानंतर झाली. ‘देवाची इच्छा होती’ हे वाक्य दुःखाच्या घरात मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलेलं नाही. रस्त्यात मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “वॉर्डात पेशंटला दुखत असताना आजाराचं कारण सांगत बसतात का?”

या कामाला आपल्याकडे जुनी वाट आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या काळात ‘बायबलबाई’ घरोघर जायच्या. पुष्कळदा त्या विधवा असत. ज्या घरात पाळकाला ओसरीपलीकडे जाता येत नसे तिथे त्या चुलीपर्यंत जात, वाचून दाखवत, अक्षरं शिकवत, बाळंतिणीची विचारपूस करत. 1842 साली याच नगरात सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा इतिहास लिहिला जातो; या बायांच्या फेऱ्यांचा तसा लिहिला गेला नाही. आणि नगरचंच सांगायचं तर रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या घराची आठवण ठेवायला हवी. कोवळ्या वयातले त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, याच गावात त्यांच्या घरी राहिले. टिळक स्वतः मोठे कवी. पण दुसऱ्या कवीला घरात जागा आणि पानात वाढलेलं जेवण दोन्ही देणं त्यांना सुचलं. टिळकांनी कवितेला दाद दिली हे सगळे सांगतात. त्या मुलाचे रुसवे-फुगवे सांभाळत त्याला पोटच्या पोरासारखं वागवलं ते लक्ष्मीबाईंनी, आणि मला ते दादेइतकंच मोठं वाटतं.

पवित्र शास्त्रात या कामाचा माणूस म्हणजे बर्णबा. कुप्र बेटावरचा योसेफ. बर्णबा हे नाव त्याला प्रेषितांनी दिलं. शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, यरुशलेमेत सगळे भीत होते, तो खरोखर शिष्य झाला आहे हे कुणाला पटेना, तेव्हा बर्णबानं त्याला हाताशी धरून प्रेषितांपुढे नेलं. पुढे अंत्युखियात काम वाढलं, तर हा तार्सला जाऊन शौलाला शोधून घेऊन आला. सुरुवातीला ‘बर्णबा आणि शौल’ असा येणारा उल्लेख पुढे बहुतेक वेळा ‘पौल आणि बर्णबा’ असा होतो, आणि त्याबद्दल त्याची तक्रार कुठे दिसत नाही. पंफुलियात साथ सोडून गेलेल्या योहान मार्काला पुन्हा बरोबर घ्यायचं की नाही यावर मात्र तो पौलाशीही भांडला, वेगळा झाला आणि मार्काला घेऊन कुप्रास गेला. त्यानंतर प्रेषितांच्या कृत्यांत तो दिसत नाही. पण पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, असा निरोप आहे. पौलाला नकोसा झालेला माणूस मधल्या काळात कुणी सांभाळला, हे आपण उपदेशात फारसं सांगत नाही.

आमच्या वार्षिक सभेत यंदा सिस्टरांचा सत्कार करावा असं निघालं. शाल आणि सन्मानचिन्ह ठरलं, आणि ठरवणाऱ्यांच्या मनात खरं प्रेम होतं. सिस्टर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “शाल मी घेईन, नाही म्हणत नाही. पण मला गुरुवारी दोन माणसं द्या. वहीत नावं वाढली आहेत आणि माझ्यानं आता जिने चढवत नाहीत.” सभेत थोडी चुळबुळ झाली. मग तरुण संघातली एक मुलगी आणि बँकेतले ते गृहस्थ, दोघांनी हात वर केले.

माझ्या मते धीर देणाऱ्याचा याहून मोठा गौरव नाही. आभाराचे शब्द जरूर बोलावेत, आणि तेही त्यांच्याच पद्धतीनं, नेमके बोलावेत: अमुक दिवशी तुम्ही आलात, अमुक बोललात, त्यामुळे मी परीक्षेला बसलो. सभेनंतर कुणीतरी त्यांना नेमकं असंच काही सांगताना मी पाहिलं, आणि सिस्टरांसारखी खंबीर बाई पदर डोळ्यांना लावताना पाहिली. दुसऱ्यांना जपणाऱ्याला कुणी जपतं का, हे आपण विचारतच नाही. त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा घरी कितीजण गेले, हे मी त्यांना विचारलं. त्यांनी विषय बदलला.

आता ती मुलगी आमच्याबरोबर येते. पहिल्या घरी ती फार बोलली. तिच्या आजीचं असंच झालं होतं ते तिनं सगळं सांगितलं, आणि आजारी बाई तिचंच समाधान करत बसल्या. सिस्टरांनी तिथे काही म्हटलं नाही. रिक्षात बसल्यावर तिच्या हातात वही दिली. “त्यांच्या सुनेचं नाव काय सांगितलं त्यांनी?”

तिला आठवेना.

“पुढच्या गुरुवारी आधी तेवढं विचार. मग लिहून ठेव.”