पडद्यावर न आलेली शिवगामी

‘बाहुबली’च्या सुरुवातीचं दृश्य कुणी विसरलेलं नाही. बाणाने जखमी झालेली शिवगामी नदीत बुडते आहे, पण बाळ धरलेला हात पाण्याच्या वर ताठ आहे. २०१५ साली रम्या कृष्णनने ही राजमाता उभी केली. तिचं तरुणपण पुढे एका मालिकेसाठी धुळ्यात जन्मलेल्या मृणाल ठाकूरने साकारलं होतं. ते मात्र आपल्याला बघायला मिळालेलं नाही.

आनंद नीलकंठन यांची ‘द राइज ऑफ शिवगामी’ ही कादंबरी २०१७ची. बापाला राजद्रोही ठरवून मारलं, म्हणून माहिष्मती राज्याचा सूड घ्यायला निघालेली ही पोर. ऑगस्ट २०१८मध्ये नेटफ्लिक्सने तिच्यावर ‘बाहुबली : बिफोर द बिगिनिंग’ या मालिकेची घोषणा केली, तीही थेट दोन पर्वांची. दिग्दर्शक देवा कट्टा आणि प्रवीण सत्तारू. मृणालसोबत राहुल बोस आणि आपले अतुल कुलकर्णी. महिनोन् महिने चित्रण झालं, पण ते कंपनीच्या पसंतीस उतरलं नाही. मग दिग्दर्शक बदलले, शिवगामी म्हणून वामिका गब्बी आली. २०२२च्या सुरुवातीला तोही प्रयत्न थांबल्याच्या बातम्या आल्या. खर्चाचा दीडशे कोटींचा आकडा तेव्हा छापून आला होता.

मला यात दोष कलावंतांचा वाटत नाही. ही गोष्ट दरबारातल्या कारस्थानांची आहे, सावकाश उलगडणारी. तिच्याकडून धबधबे आणि हत्तींच्या भव्यतेची अपेक्षा ठेवली, तर ती अपुरीच वाटणार. तयार झालेलं काम असं नाकारलं जाणं अमेरिकेतही घडतं. ‘बेव्हर्ली हिल्स कॉप’ या गाजलेल्या चित्रपटावरून २०१३ साली पायलट, म्हणजे मालिकेचा नमुना-भाग, तयार झाला. त्यात खुद्द मूळ चित्रपटाचा नायक एडी मर्फी होता, तरी सीबीएस वाहिनीने मालिका घेतली नाही. आपल्याकडे दूरदर्शनच्या काळातही निर्माते पायलट करून मंजुरीची वाट बघत. नापसंत पायलट प्रेक्षकांपर्यंत पोचतच नसत.

याउलट आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते. लाखांदूर, साकोलीकडच्या गावांत धान निघालेल्या बांधीत मंडप पडतो आणि झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातलं, नाटक रात्रभर चालतं. चांगलं की वाईट, ते समोर बसलेला शेतकरी ठरवतो. पडलेलं नाटकही निदान एका गावाने पाहिलेलं असतं, त्यातल्या नटाचं काम कुणाच्या तरी लक्षात राहतं. मृणालच्या शिवगामीला तेवढंही मिळालं नाही. बंद खोलीत चार जणांनी बघून नाकारलेल्या कामाला कलावंताच्या आयुष्यातली वर्षं लागलेली असतात, याचा हिशेब कुणीतरी ठेवायला हवा.

पुण्यात १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. विकले न गेलेले पायलट आणि अर्धवट राहिलेल्या मालिकांचं चित्रण निर्मात्यांनी तिथे जमा करावं. प्रदर्शनाचे हक्क त्यांच्याकडेच राहू देत. अभ्यासकांना आणि त्यात काम केलेल्या कलावंतांना ते बघता आलं, तरी पुरे.