वाकलेल्या पाठीची प्रार्थना

झोपेतून जागे होणारे तान्हे मूल आपण पाहिलेच असेल. मुठी वळून ते हात डोक्यापलीकडे नेते, पाठीची कमान करते, चांगले आळोखेपिळोखे देते आणि मगच डोळे उघडते. हे त्याला कोणी शिकवलेले नसते. आपणही बसून बसून अवघडलेले अंग ताणतो आणि क्षणभर मनसुद्धा हलके झाल्यासारखे वाटते. इतक्या साध्या क्रियेला एखाद्या समाजाने प्रार्थनेचे स्थान दिले असेल काय? होय, दिले आहे. आणि तेही अशा लोकांनी, की ज्यांच्या पूर्वजांना कूस बदलण्यापुरतीही जागा मिळत नव्हती.

सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांत आफ्रिकेतील सुमारे सव्वा कोटी माणसांना गुलाम करून अटलांटिकपार जाणाऱ्या जहाजांवर चढवण्यात आले. त्यांपैकी जवळजवळ १८ लाख माणसे वाटेतच मरण पावली. १७८८ साली इंग्लंडात ‘ब्रुक्स’ ह्या गुलामवाहू जहाजाचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक पुरुषाच्या वाट्याला ६ फूट लांब आणि १ फूट ४ इंच रुंद एवढी जागा दाखवली होती. पायांत बेड्या आणि डोक्यावर लगेच फळ्या! हा ‘माल’ खराब होऊ नये म्हणून कप्तान बंदिवानांना अधूनमधून वर आणवीत आणि चाबकाच्या धाकाने नाचावयास लावीत. पुढे ऊस-कापसाच्या मळ्यांवरही पाठ वाकलेलीच राहिली. जे अंग दुसऱ्याच्या मालकीचे झाले होते, ते पुन्हा आपले कसे करावयाचे, हा त्या माणसांपुढचा प्रश्न होता.

वेस्ट इंडीजमधील त्रिनिदादचे नाव क्रिकेटमुळे आपल्या घरोघरी पोहोचले आहे. तेथील ‘लिंबो’ हे नृत्य आज पर्यटकांच्या करमणुकीसाठी सर्वत्र होते. आडव्या काठीखालून, पाठ मागे जमिनीकडे झुकवीत, नर्तक पुढे सरकतो. परंतु हे नृत्य मुळात मृताच्या घरी होणाऱ्या रात्रजागरणातले. पूर्वी काठी पायरीपायरीने वर नेत असत आणि ते मृत्यूकडून जीवनाकडे येणे मानीत, असे सांगतात. गयानाचे लेखक विल्सन हॅरिस ह्यांना तर ह्या वाकण्यात गुलामांच्या जहाजातील त्या कोंदट जागेची स्मृती दिसली.

ह्या परंपरेचा डोळस अभ्यास करणाऱ्यांत कॅथरीन डनहॅम ह्यांचे नाव अग्रभागी आहे. १९०९ साली जन्मलेल्या ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन नर्तकी शिकागो विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकत होत्या. १९३५ साली शिष्यवृत्ती मिळवून त्या कॅरिबियन बेटांवर गेल्या आणि हैतीत रमल्या. गुलामांनीच बंड करून १८०४ साली स्वतंत्र केलेला हा देश. तेथील व्हूडू धर्माची चित्रपटांनी जगभर भीतीच पसरवली आहे. डनहॅमबाईंनी मात्र तेथे दीक्षा घेतली आणि त्या नाचणाऱ्यांमध्ये नाचणारी एक झाल्या.

तेथे त्यांना ‘यानव्हालू’ हे नृत्य भेटले. त्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेतील दाहोमीत, म्हणजे आजच्या बेनिनमध्ये आहे, आणि शब्दाचा भाव ‘विनवणी’ असा आहे. तीन ढोल वाजू लागले की मंडळी मधल्या खांबाभोवती फिरू लागतात. गुडघे वाकलेले, धड पुढे झुकलेले. कमरेपासून एक लाट निघते, कण्यातून वर चढते, छाती-खांद्यांतून जाते आणि पुन्हा खाली उतरते. ही दांबाला ह्या सर्पदेवतेची चाल होय. वाकलेली पाठ येथेही आहे. पण ती ओझ्याने वाकलेली नाही. श्रद्धेने वाकते, ताणते आणि मोकळी होते. ह्या नृत्याने मनातील घालमेल शमते, असे डनहॅमबाईंना अनुभवास आले.

पुढे त्यांनी आपली स्वतंत्र नृत्यशिक्षणपद्धती घडवली. श्वास, कण्याचे सावकाश ताणणे, मान, खांदे, बरगड्या व कंबर एकेक करून सुटे हलवणे आणि जोडीला प्रत्यक्ष ढोल, असा तिचा क्रम. १९६७ साली त्यांनी मिसिसिपी नदीकाठच्या ईस्ट सेंट लुईस ह्या दारिद्र्याने पोखरलेल्या गावात कलाशिक्षण केंद्र काढले. रस्त्यावर वाढलेल्या मुलांच्या हाती ढोल दिले आणि त्यांना नृत्य शिकवले. १९९२ साली, समुद्रमार्गे आलेल्या हैतीच्या निर्वासितांना अमेरिका परत पाठवू लागली, तेव्हा ८२ वर्षांच्या ह्या वृद्धेने ४७ दिवस उपोषण केले. पुन्हा नावा आणि पुन्हा तीच माणसे, हे त्या कशा विसरणार? २००६ साली, ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हे सारे आपल्यापासून फार दूरचे आहे असे कोणी समजू नये. जंजिऱ्यामुळे मराठी वाचकाला सुपरिचित असलेले सिद्दी हेही आफ्रिकेतूनच आलेले. गुजरातेत भडोच जिल्ह्यातील रतनपूरच्या डोंगरावर त्यांच्या बावा गोर ह्या पिराचा दर्गा आहे. मनाच्या व्यथेने गांजलेली सर्व धर्मांची माणसे तेथे येतात. सिद्दी मंडळी ढोलांच्या गजरात जे नृत्य करतात, त्याला ‘गोमा’ म्हणतात. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल आणि नृत्यही.

अंग ताणल्याने सर्व दुःखे पळतात, असे ह्या परंपरा म्हणत नाहीत. आणि वैद्याची जागा त्यांनी घ्यावी असेही नाही. त्यांचे सांगणे इतकेच, की दुःख शरीरातही साठून राहते. म्हणून ते हलके करताना शरीरालाही सोबत घ्यावे, आणि शक्यतो चार माणसांत घ्यावे. हैतीच्या अंगणात एकटे कोणी नाचत नाही.

उद्या सकाळी घरातले मूल आळोखेपिळोखे देऊ लागले, तर “उठ लवकर” म्हणून त्याला घाई करू नये. ज्या साध्या सुखासाठी लक्षावधी माणसे त्या फळ्यांखाली तळमळली, तेच ते अनुभवीत असते.