पावती खरेदीची, मालकी विक्रेत्याची

मनुष्याच्या व्यवहारबुद्धीने पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून ज्या कल्पना निःशंकपणे स्वीकारल्या, त्यांत खरेदीची कल्पना अत्यंत जुनी आणि अत्यंत स्पष्ट होय. दाम मोजावा, वस्तू ताब्यात घ्यावी आणि त्या क्षणापासून विक्रेत्याचा तिच्यावरील अधिकार संपुष्टात यावा, एवढा हा व्यवहार सरळ असल्यामुळे घर, जमीन अशा मोठ्या गोष्टी वगळता त्याचा दस्तऐवज करण्याची गरजही सामान्य माणसाला फारशी भासली नाही. विकत घेतलेले पुस्तक वाचावे, न आवडल्यास रद्दीत घालावे, आवडल्यास स्नेह्याला द्यावे, अडचणीच्या वेळी विकावे आणि आपल्यामागे ते मुलानातवंडांनी उघडावे, यांपैकी कशासाठीही प्रकाशकाची परवानगी लागत नाही. 1848 साली स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर, 1893 सालचे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय आणि मुंबईत फोर्टच्या पदपथांवर रचलेले जुन्या पुस्तकांचे ढीग, हे सारे या गृहीत हक्काच्याच पायावर उभे आहेत. तो हक्क कोणत्याही विधिमंडळाने रद्द केलेला नाही. तथापि विद्युत्-माध्यमातून विकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत तो आपल्या हातून निसटत चालला आहे, आणि तो निसटत असताना आपण स्वतःच ‘मला मान्य आहे’ या अक्षरांवर बोट ठेवीत आहोत.

विक्रीनंतरही वस्तूवर अंमल चालवावा हा विक्रेत्याचा मोह अर्थातच नवा नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील बॉब्ज-मेरिल या प्रकाशनसंस्थेने ‘द कास्टअवे’ नावाच्या कादंबरीच्या प्रारंभीच अशी सूचना छापली होती की, किरकोळ विक्रीत हे पुस्तक एक डॉलरहून कमी किमतीस विकल्यास तो प्रकाशनाधिकाराचा भंग समजला जाईल. न्यू यॉर्कच्या मेसीज या सुप्रसिद्ध दुकानाने या सूचनेला न जुमानता ते 89 सेंटांना विकले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1908 साली न्यायालयाने निर्णय दिला तो दुकानदाराच्या बाजूने: प्रत एकदा विकली गेली की तिच्या पुढील विक्रीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार प्रकाशकास उरत नाही. आपल्याकडील 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही ग्रंथादी कृतींच्या प्रती लोकांत वितरित करण्याचा अधिकार लेखक-प्रकाशकांना देताना, पूर्वीच प्रचारात आलेल्या प्रती त्यातून स्पष्टपणे वगळल्या आहेत. म्हणून जुन्या पुस्तकांचा व्यापारी हा चोर ठरत नाही, आणि वाचनालयाला प्रत्येक वाचकामागे प्रकाशकाची पायरी चढावी लागत नाही.

या सुस्थिर कल्पनेला एक मोठा जाहीर धक्का बसला तो जुलै 2009 मध्ये. ॲमेझॉन कंपनीच्या किंडल या वाचनयंत्रावर ज्या अमेरिकन ग्राहकांनी जॉर्ज ऑरवेल यांच्या ‘1984’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या कादंबऱ्यांची एक विशिष्ट आवृत्ती रीतसर पैसे भरून घेतली होती, त्यांच्या यंत्रांतून ती कंपनीने दूरस्थपणे पुसून टाकली आणि भरलेली रक्कम परत केली. ती आवृत्ती विक्रीस ठेवणाऱ्याकडे त्या देशापुरते हक्कच नव्हते, हे कंपनीचे म्हणणे खरे होते. ‘1984’ या कादंबरीचा विषय ध्यानात घेता नियतीच्या या उपहासावर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. पण त्या उपहासाहून अधिक विचारणीय अशी गोष्ट निराळीच होती. चोरीचे पुस्तक विकल्याचे उघडकीस आले म्हणून कोणता पुस्तकविक्रेता रात्री ग्राहकाच्या घरात शिरून, कपाटातून ते काढून, टेबलावर पैसे ठेवून निघून जातो? कंपनीचे संस्थापक जेफ बेझोस यांनी पुढे जाहीर क्षमा मागितली. ज्याने त्या पुस्तकावर अभ्यासाची टिपणे केली होती आणि मूळ मजकूर नाहीसा झाल्यामुळे ती निरुपयोगी ठरली, अशा एका विद्यार्थ्याने दावा लावला; तो दीड लाख डॉलरवर आपसांत मिटला, आणि काही अपवाद वगळता असे पुन्हा न करण्याचे कंपनीने कबूल केले. परंतु पुसून टाकण्याचे सामर्थ्य कंपनीच्या हाती होते तसेच राहिले. मिळाले ते केवळ ते न वापरण्याचे आश्वासन.

मायक्रोसॉफ्टचे उदाहरण याहून बोधप्रद आहे, कारण त्यात कोणाची चूकही नव्हती आणि कोणाचा अपराधही नव्हता. या कंपनीने आपल्या विक्रीदालनातील पुस्तकांचा विभाग एप्रिल 2019 मध्ये बंद केला, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून तेथे घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. ग्राहकांना पैसे परत मिळाले. ज्यांनी पुस्तकांत टिपणे केली होती त्यांना वर 25 डॉलरही मिळाले. व्यवहारात लबाडी नव्हती हे मान्यच केले पाहिजे. पण एखादे दुकान बंद झाले म्हणून त्याने आजवर विकलेला सारा माल ग्राहकांच्या घरी एकाच दिवशी नष्ट व्हावा, ही घटना व्यापाराच्या जुन्या रीतीत न बसणारी होती. आणि ती घडविणारी कंपनी बुडीत निघालेली नसून जगातील अत्यंत धनाढ्य कंपन्यांपैकी एक होती.

हे घडते कसे, ते समजून घेणे कठीण नाही. अशा पुस्तकाची वा चित्रपटाची जी प्रत आपल्या यंत्रात उतरते, ती सांकेतिक लिपीने कुलूपबंद केलेली असते. ते कुलूप उघडणारी किल्ली आपल्या खात्याशी निगडित असते, आणि ते खाते कंपनीच्या सर्व्हरवर नांदते. कंपनीने किल्ली देणे थांबविले, खाते गोठविले किंवा सर्व्हर बंद केला की आपल्यापाशी उरतो तो अर्थहीन अक्षरांचा संच. या तांत्रिक कुलपाच्या जोडीला कायद्याचेही कुलूप असते. दाम मोजण्यापूर्वी ज्या लांबलचक कराराला आपण न वाचताच संमती देतो, त्यात बहुधा स्वच्छ लिहिलेले असते की, ग्राहकाला वस्तू विकण्यात आलेली नसून ती वापरण्याचा मर्यादित, अहस्तांतरणीय परवाना देण्यात आला आहे. दुकानाच्या दर्शनी भागी मोठ्या अक्षरांत ‘खरेदी करा’ असे लिहावयाचे आणि करारनाम्याच्या पोटात ही खरेदी नव्हे असे बारीक अक्षरांत नमूद करावयाचे, हा या व्यवहाराचा गाभा आहे. किंडलवर 2016 पासून मराठी पुस्तकेही मिळू लागली असल्यामुळे हा प्रश्न परक्यांचा म्हणून दूर ठेवण्याची सोयही आता आपल्याला राहिलेली नाही.

कंपन्यांच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही, असे मात्र मुळीच नव्हे. छापील पुस्तक एका वेळी एकाच हातात राहते. संगणकीय प्रतीच्या मात्र क्षणार्धात आणि विनामूल्य हजार प्रती होऊ शकतात, आणि तसे सर्रास होऊ लागल्यास लेखकाची, गायकाची, चित्रपटकाराची उपजीविकाच धोक्यात येईल. युरोपीय संघाच्या न्यायालयाची या बाबतीतील दोलायमानता उद्बोधक आहे: 2012 साली त्याने सॉफ्टवेअरची उतरवून घेतलेली प्रत पुन्हा विकण्याचा ग्राहकाचा हक्क मान्य केला, पण 2019 साली ई-पुस्तकाच्या बाबतीत तोच हक्क नाकारला. शिवाय दरमहा वर्गणी घेऊन चित्रपट दाखविणाऱ्या वा गाणी ऐकविणाऱ्या सेवांवर हा आक्षेप लागू होत नाही. तेथे भाडे भरेपर्यंतच उपभोग आहे हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. आक्षेप आहे तो पूर्ण किंमत घेऊन अपुरा हक्क देण्यावर.

आणि हा आक्षेप आता केवळ पुस्तकांपुरता उरलेला नाही. जिच्या पोटात संगणकीय चिप बसली, अशी प्रत्येक वस्तू विक्रीनंतरही उत्पादकाच्या आज्ञेत राहू शकते. सप्टेंबर 2016 मध्ये एचपी कंपनीच्या अनेक प्रिंटरांनी अन्य उत्पादकांची शाईची कार्ट्रिजे, आदल्या दिवसापर्यंत सुरळीत चालत असूनही, एकाएकी नाकारली. कारण कंपनीने यंत्राच्या आज्ञावलीत तशी तजवीज आधीच करून ठेवली होती. डिसेंबर 2017 मध्ये ॲपलला कबूल करावे लागले की, बॅटरी जुनी झालेले आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांची गती आज्ञावलीद्वारे कमी करण्यात येत होती. हेतू कदाचित रास्त असेल. परंतु ग्राहकाला ते सांगितले गेले नव्हते, आणि नवी बॅटरी घातली असता काम भागेल हे न कळल्यामुळे ज्यांनी नवा फोन घेतला त्यांचे नुकसान खरेच झाले. याच अप्रकटीकरणाबद्दल फ्रान्सने 2020 साली कंपनीस अडीच कोटी युरोंचा दंड केला. अमेरिकेत जॉन डियरच्या ट्रॅक्टरांतील बिघाड शोधण्याची संपूर्ण आज्ञावली केवळ अधिकृत विक्रेत्यांपाशी असल्यामुळे, ऐन सुगीत यंत्र बंद पडलेल्या शेतकऱ्याला स्वतःच्याच शेतात स्वतःच्याच ट्रॅक्टरापुढे हात बांधून बसण्याची पाळी येऊ लागली. त्या तक्रारींतून कोलोराडो राज्याने 2023 साली शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क कायद्याने प्रस्थापित केला.

आपल्या देशात या प्रश्नाची जाणीव झालीच नाही असे नाही. मोटारींचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारास न पुरविल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 साली चौदा मोटार-उत्पादकांना मिळून 2,544 कोटी रुपयांहून अधिक दंड फर्मावला. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण ‘माल माझा, म्हणून दुरुस्तीही माझ्याच दारी’ या वृत्तीस सरकारी दप्तरात प्रथमच एवढ्या स्पष्टपणे अनुचित ठरविले गेले. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले, ज्यात शेतीची अवजारे, मोबाइल व तत्सम यंत्रे, घरगुती उपकरणे आणि वाहने यांचा समावेश आहे. पण पोर्टल म्हणजे माहितीची सोय. ती कायद्याची सक्ती नव्हे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वा पुण्याच्या तपकीर गल्लीत बंद पडलेल्या वस्तूंना पुन्हा चालते करणारे जे कारागीर आहेत, त्यांच्या हातातील कसब कितीही मोठे असले तरी कंपनीच्या किल्लीवाचून न चालणाऱ्या चिपेपुढे ते कसब हतबल होते. आणि मग दुरुस्त होण्याजोगी वस्तू भंगारात जाते.

पेशवाईतील गावांत कसणाऱ्यांचे मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेने त्याची असे. सारा भरीत असेतो त्याला सहसा कोणी हलवू शकत नसे, आणि ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा त्याला अधिकार असे. उपरी हा ठरल्या मुदतीच्या कौलाने कसणारा. मुदत सरली की त्याचा संबंध सरला. उपऱ्याची स्थिती हीन असली तरी तिच्यात फसवणूक नव्हती, कारण आपण उपरी आहोत हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असे. आजच्या ग्राहकाची गत त्याहून चमत्कारिक आहे: तो किंमत मोजतो मिराशीची, आणि त्याच्या पदरी पडतो दर्जा उपऱ्याचा, तेही बेदखलीची नोटीस येईपर्यंत त्याच्या ध्यानात येत नाही.

यावर उपाय नाहीत असे नाही, आणि काही तर आपल्याच कायद्यात आहेत. कॉपीराइट कायद्यात 2012 साली घातलेले कलम 65अ तांत्रिक कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची आणि दंडाची तरतूद करते खरे. पण हक्कभंगाचा उद्देश असेल तरच ते अपराध मानते, आणि कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या प्रयोजनासाठी तसे करणाऱ्याला मोकळे ठेवते. या बाबतीत आपला कायदा अमेरिकेच्या 1998 च्या कायद्यापेक्षा निश्चितच उदार आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करारा’ची व्याख्या करताना वाजवी कारणावाचून एकतर्फी करार संपविण्याच्या अटीचा तीत समावेश केला, आणि अशा अटी रद्दबातल ठरविण्याचा अधिकार राज्य व राष्ट्रीय आयोगांना दिला. ग्राहकाला भुलवून वा अडकवून त्याची संमती काढणाऱ्या तेरा क्लृप्त्या नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी निषिद्ध ठरविल्या आहेत. उणीव आहे ती नेमकी एका नियमाची, आणि तो कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2025 पासून अमलात आणला आहे: जी संगणकीय वस्तू पुढे काढून घेतली जाऊ शकते तिच्या व्यवहारास, हा केवळ परवाना आहे असे ठळकपणे सांगितल्याखेरीज, ‘खरेदी’ असे म्हणता येणार नाही. असा नियम केल्याने आपल्या तिजोरीस एका पैचाही भार पडणार नाही.

तोपर्यंत वाचकांनी आपल्यापुरते एवढे करावे. पैसे भरण्यापूर्वी ही वस्तू कंपनीवाचून चालेल काय, दुसऱ्याला देता येईल काय आणि बिघडल्यास कोणाकडूनही दुरुस्त करून घेता येईल काय, हे तीन प्रश्न विक्रेत्यास विचारावे. कुलूप नसलेली प्रत मिळत असेल तर तीच घ्यावी. आणि पूर्ण दाम घेऊन दिलेली वस्तू कोणी काढून घेतल्यास ‘जाऊ द्या’ म्हणून गप्प न बसता राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण नोंदच न झालेल्या अन्यायाची दखल कोणतेही सरकार घेत नाही. कंपन्यांकडून आपण मेहेरबानी मागत नसून जुना, सर्वमान्य व्यवहारधर्म मागत आहोत: विकले म्हणून ज्याचे पैसे घेतले ते खरोखर विकलेच पाहिजे, आणि जे भाड्यानेच द्यावयाचे आहे त्याचे भाडेच आकारले पाहिजे.