थंडीतला गळ: चारा जिवंत राहिला तरच मासा लागेल



पौष लागला की कन्हानच्या डोहांवर सकाळी धुकं बसतं आणि जाळ्याला मासळी कमी लागते. अशा दिवसांत आपले बरेच सभासद जाळं बाजूला ठेवून गळाला जिवंत चारा लावून बसतात, नाहीतर रात्रीची दोरी टाकतात. कुणी गळ म्हणतं, कुणी गरी. मरळ, पढीन, शिंगाळा हे मांस खाणारे मासे आहेत. समोर हलता चारा आला तर थंडीतही तोंड घालतात. तरी समितीत दर हिवाळ्यात तीच तक्रार ऐकू येते, "चारा ताजा होता, पण मासा काही लागला नाही." गळ दाखवा म्हटलं की बहुतेक वेळा चाऱ्याच्या मानाने फार जाड आणि फार मोठा गळ निघतो.

आता थंडीत फरक काय पडतो ते बघू. माशाचं अंग पाण्याइतकंच गार होतं. पाणी गार झालं की त्याची हालचाल मंदावते, पचन मंदावतं, भूक कमी होते. तो डोहात खोल जाऊन बसतो. उन्हाळ्यात झडप घालणारी मरळ थंडीत चारा नुसता तोंडात धरून बघते. काही टणक लागलं की सोडून देते. म्हणून थंडीत चारा लहान हवा, गळ बारीक हवा आणि चारा वळवळत राहायला हवा.

कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात तलावावर बर्फाचा जाड थर बसतो. तिथले लोक बर्फाला भोक पाडून जिवंत चारा खाली सोडतात आणि वर झेंडी लावतात. मासा लागला की झेंडी उभी राहते. आपल्याकडे बर्फ नाही, पण हिशोब तोच आहे. गार पाण्यातल्या सुस्त माशासाठी तेही बारीक तारेचे लहान गळ वापरतात.

गळाचा नंबर कसा बघायचा

इथे नवीन पोरांचा गोंधळ होतो. साध्या नंबरात आकडा जितका मोठा, तितका गळ लहान. 10 नंबरचा गळ 4 नंबरपेक्षा लहान असतो. 1 नंबरानंतर मात्र 1/0, 2/0, 3/0 असं सुरू होतं आणि तिथे आकड्याबरोबर गळही वाढतो. कंपनी बदलली की त्याच नंबरात थोडा फरक पडतो, म्हणून डोळ्यानेही बघून घ्या.

साधारण अंदाज असा धरा:
- गांडूळ किंवा लहान झिंगा: 10 ते 6 नंबर
- दोन-तीन इंचाची मासळी, मरळीसाठी: 4 ते 1 नंबर
- चार इंचाची मासळी, मोठ्या मरळीसाठी आणि शिंगाळ्यासाठी: 1/0 ते 2/0
- पाच-सहा इंचाची मासळी, पढीनसाठी: 3/0 ते 5/0

नंबर लक्षात राहिला नाही तरी एक गोष्ट विसरू नका. चारा लावल्यावर गळाचं टोक उघडं दिसलं पाहिजे आणि टोक ते दांडी यातली निम्मी जागा तरी मोकळी राहिली पाहिजे. ती जागा चाऱ्यानेच भरली तर टोक माशाच्या जबड्यात शिरणार कुठून?

जाड तार की बारीक तार

मोठा मासा गळ सरळ करून जाईल या भीतीने आपण जाड तारेचा गळ घेतो. जाड तारेने चाऱ्याला मोठी जखम होते, वजनाने तो खाली बसतो आणि थोड्याच वेळात मरतो. मरळीसाठी बारीक तारेचा, पण चांगल्या पोलादाचा गळ पुरतो. जाड तार पढीनसाठी ठेवा. पढीन आणि मरळ दोघांचे दात तिखे असतात, म्हणून गळाच्या वर वीतभर बारीक तार बांधा. नुसती नायलॉन दोरी ते कापून नेतात.

टोकाची धार नखावर तपासा. टोक हलकेच नखावर टेकवून ओढा. अडकलं तर धार आहे, घसरलं तर कानशीने घासा. गंजलेला गळ बाजूला काढा.

रात्रभर टाकून ठेवायच्या दोरीला आत वळलेल्या टोकाचा गोल गळ चांगला. मासा चारा घेऊन वळला की तो जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात क्वचितच जातो. त्यामुळे सकाळी मासा जिवंत मिळतो आणि जिवंत मरळीला बाजारात भाव वेगळाच असतो. हा गळ असला की झटका मारायचा नाही, दोरी सावकाश ताणायची. तीन टोकांचा गळ शेवाळात अडकतो, तो आपल्या डोहांत नको.

चारा कुठे टोचायचा

वाहत्या पाण्यात मासळीच्या वरच्या ओठातून गळ काढा. दोन्ही ओठ शिवू नका, तिला श्वास घेता येत नाही. थांबलेल्या पाण्यात पाठीवरच्या पराजवळ कण्याच्या वरून, फक्त मांसातून काढा. कण्याला लागलं की चारा मेलाच समजा. झिंग्याला शेपटीकडून टोचा, डोक्यात नाही.

गार पाण्यात हवा जास्त विरघळते, म्हणून थंडीत चारा बादलीत जास्त टिकतो. फक्त घरच्या कोमट पाण्यातून एकदम डोहाच्या गार पाण्यात टाकू नका. आधी बादलीत थोडं थोडं नदीचं पाणी मिसळा.

चाऱ्यासाठी बोटुकली नको

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही ठिकाणी तलावात सोडलेली रोहू-कतल्याची बोटुकलीच चारा म्हणून गळाला लागते. ही बोटुकली आपल्याच पैशाची आहे. चांगल्या तलावात एक बोटुकली वर्षभरात पाऊण ते एक किलोची होते. एका रात्रीच्या दोरीला वीस बोटुकल्या लावल्या आणि त्यातल्या निम्म्याच जगल्या असत्या असं धरलं, तरी सात-आठ किलो मासळी गेली. एका मरळीसाठी हा सौदा परवडतो का, तुम्हीच सांगा. चाऱ्याला नाल्यातली जंगली बारीक मासळी, झिंगे, गांडुळं घ्या. जाळ्यात बोटुकली आली तर लगेच पाण्यात सोडा.

थाई मागूर चाऱ्याला अजिबात आणू नका. तो चिवट असतो, गळातून सुटला तर तलावात राहतो आणि बाकीची मासळी खातो. त्याच्या पालनावर 2000 सालापासून बंदी आहे.

पढीनही आता जगभरात कमी होणाऱ्या माशांच्या यादीत आहे, त्यामुळे लहान पढीन लागला तर सोडून द्या. महसीर हा आपल्या मध्य प्रदेशाचा राज्यमासा, तो लागला तर तोही सोडा. 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते, त्या काळात गळही बंद.

गळ मोजून टाका, मोजून काढा

संध्याकाळी तीस गळ टाकले तर सकाळी तीस परत आले पाहिजेत. सुटलेला गळ काठावर राहिला की पाणी प्यायला आलेल्या जनावराच्या तोंडात नाहीतर आंघोळीला उतरलेल्या लेकराच्या पायात जातो. गळ हातात खोल रुतला तर उलटा ओढू नका, मांस फाटतं. दोरी कापा, दवाखान्यात जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. डोळ्याजवळ रुतला तर कुणीही हात लावायचा नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपल्या वापरातला एक-एक गळ घेऊन यावं. समितीच्या फळीवर ते नंबराप्रमाणे लावून ठेवू. नवीन पोरांना दुकानात जाण्याआधी बघता येईल आणि कोणत्या गळाला कोणता मासा लागला, हे जुन्या लोकांच्या तोंडून ऐकताही येईल.